चाक कोणाच्या मापाचे?

वस्तू विकत घ्यावी ती गरज पाहून, दिमाख पाहून नव्हे, असे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. तथापि सांगणे आणि आचरणे यांत केवढे अंतर असते, हे आम्हांस एका सायकलीने शिकविले. ती सायकल आजही आमच्या पडवीत उभी आहे. तिच्या चाकांचे माप २९ इंच. डोंगरवाटांवर चालवावयाची सायकल घेताना चाक केवढे निवडावे, असे पुष्कळ विद्यार्थी आम्हांस विचारतात. गणिताचा शिक्षक म्हणून आकडे सांगून मोकळे होणे सोपे होते. परंतु आकडे आम्हांस ठाऊक असूनही आमची चूक झालीच. म्हणून उत्तर त्या चुकीसह द्यावे, हे बरे.

आमच्या लहानपणी घरात एकच सायकल होती. ती वडिलांची, काळी, जड आणि २८ इंची चाकांची. सीटवर बसले तर पाय पॅडलला पुरत नसत, म्हणून दांडीखालच्या त्रिकोणातून पाय घालून आम्ही 'हाफ पॅडल' मारीत असू. बेळगावच्या लाल मातीत त्या सायकलीवरून किती वेळा लोळलो, याची गणती नाही. स्वतःची नवी कोरी सायकल आम्हांस कधी मिळाली नाही. अंगातले कपडेही थोरल्या भावाचे असत, आणि क्वचित नवे शिवलेच तर 'वाढत्या अंगाचे' म्हणून चार बोटे ढगळ. ही काटकसर त्या वेळी योग्यच होती. पण ती रीत आमच्या मनात इतकी मुरली की, पुढे ती नको तेथे उपयोगात आली.

२०२२ च्या दिवाळीत मुलीसाठी सायकल घ्यावयाचे ठरले. ती तेव्हा आठवीत होती. उंची १४८ सेंटिमीटर. येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाकडे जाणाऱ्या वाटांवर तिला मैत्रिणींबरोबर जावयाचे होते, म्हणून जाड टायरांची डोंगरी सायकल हवी होती. दुकानात २६, साडेसत्तावीस आणि २९ अशा तीन मापांच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. २९ इंची चाकाचा डौल पाहताच आमचे मन तेथेच अडकले. मुलगी तिच्यावर बसली. जमिनीला तिच्या पायांची नुसती बोटे टेकत होती.

"बाबा, जरा उंच वाटते," ती म्हणाली.

"अगं, वाढत्या वयात आहेस. वर्षभरात पुरेल," असे म्हणून आम्ही पैसे दिले.

पुढे जानेवारीत एका रविवारी ती गडाकडून परत येत होती. वाट उताराची, दगडगोट्यांनी भरलेली. वळणावर समोरून म्हशींचा कळप आला. तिने वेळीच ब्रेक लावला आणि सायकल थांबलीही. पण टेकावयास पाय खाली पोचेना. उभी सायकल डाव्या अंगावर कलंडली आणि ती मनगटावर पडली. हाड दुखावले, प्लास्टर घालावे लागले. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती हात गळ्यात बांधून बसली होती.

मनगट बरे झाले. परंतु ती सायकलीकडे फिरकेना. "मला सायकल जमतच नाही," असे तिने स्वतःच ठरवून टाकले. याहून वाईट गोष्ट आमच्या हातून घडली. घरी पाहुणे आले असता, ती ऐकत आहे हे ठाऊक असूनही, "जरा भित्रीच आहे आमची मुलगी," असे आम्ही हसत हसत बोलून गेलो. ती उठून आत गेली. सायकलीवर जुनी चादर पडली ती मे महिन्यापर्यंत.

सुटीत टायरांतली हवा पार गेलेली पाहून आम्ही सायकल टिळकवाडीतल्या एका मिस्त्रींकडे नेली. मुलगी नाइलाजाने बरोबर आली होती. मिस्त्री चाकाचा आउट काढीत बसले होते. त्यांनी आमची हकीकत ऐकली, सायकलीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, पोरीचं काय चुकलं नाही. चाक चुकलंय."

गणिताच्या शिक्षकाला भर रस्त्यावर उत्तर चुकल्याचे सांगितले गेले, आणि ते खरे होते. मुलीने मात्र चार महिन्यांत प्रथमच मान वर करून पाहिले.

त्यानंतर आम्ही या विषयाचा नीट अभ्यास केला, जो वास्तविक पैसे देण्यापूर्वी करावयास हवा होता. त्याचे सार असे.

मोठ्या चाकाचे गुण खोटे नाहीत. जमिनीवर एक पेन्सिल ठेवून तिच्यावरून आधी बांगडी आणि मग जेवणाचे ताट कडेवर उभे धरून घरंगळत न्या. बांगडी अडखळते, ताट सहज ओलांडून जाते. चाक मोठे असले म्हणजे अडथळ्यावर चढण्याचा कोन कमी उभा होतो आणि खड्ड्यातही ते कमी बुडते. बैलगाडीचे चाक उंच करण्यात आपल्या सुतारांनी हेच साधले होते. आता हिशेब पाहा. जाड टायर धरून २६ इंची चाकाचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर, साडेसत्तावीसचा ७० आणि २९ चा ७४ भरतो. एक किलोमीटर जाण्यास पहिल्याला सुमारे ४८०, दुसऱ्याला ४५५ आणि तिसऱ्याला ४३० फेरे घ्यावे लागतात. मोठे चाक एकदा वेगात आले की वेग टिकवून धरते. परंतु त्याचे वजन अधिक, म्हणून थांबून पुन्हा निघताना जोर जास्त लागतो. आणि अरुंद वाटेवरच्या आखूड वळणांत लहान चाक जितक्या चपळाईने वळते तितके मोठे वळत नाही. मुख्य म्हणजे मोठ्या चाकाबरोबर हँडल उंच जाते, सायकल लांब होते आणि ठेंगण्या मुलाचा पाय वळताना पुढच्या टायरला घासण्याचा संभव असतो.

या मापांचा इतिहासही मनोरंजक आहे. डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला. तेथील काही तरुण जुन्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून सोडीत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी शर्यत लावली. तिचे नाव 'रिपॅक'. कारण एका उतरणीतच ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी सायकल घडविली. या सर्वांची चाके २६ इंची होती, ती काही शास्त्रीय विचाराने निवडली म्हणून नव्हे. १९३३ पासून श्विन कंपनीच्या सायकलींना जे फुगीर, जाड टायर येत ते २६ इंची होते; जुन्या बाजारात तेच मिळाले, म्हणून तेच माप रूढ झाले. २९ इंची रिमसाठी जाड टायर १९९९ च्या सुमारास बाजारात आला आणि त्यानंतर निवडीचा प्रश्न उभा राहिला.

कोणते चाक श्रेष्ठ, याचा निकाल शर्यतीच्या मैदानावर लागला असे कोणी म्हणेल, तर २०१२ चे लंडन ऑलिंपिक आठवावे. डोंगरी सायकलीच्या त्या शर्यतीत चेक देशाचा उंचापुरा कुल्हावी २९ इंची चाकांवर होता आणि बेताच्या उंचीचा स्विस शूर्टर साडेसत्तावीस इंची चाकांवर. सुमारे दीड तास दोघे झुंजले आणि कुल्हावी अवघ्या एका सेकंदाने जिंकला. दोघांनीही आपल्या शरीराला साजेल ते चाक निवडले होते, आणि दीड तासानंतर अंतर उरले ते एका सेकंदाचे! आता तर काही स्वार पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशी विषम चाके वापरतात. २०१९ पासून त्यांना जागतिक स्पर्धांतही मुभा मिळाली आहे.

आणखी एक गंमत. इंचांचा हा आकडा चाकाचा बाहेरचा अदमासे व्यास सांगतो. टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास मिलिमीटरमध्ये टायरवरच छापलेला असतो: डोंगरी २६ साठी ५५९, साडेसत्तावीससाठी ५८४ आणि २९ साठी ६२२. आमच्या वडिलांच्या २८ इंची सायकलीचे हेच माप ६३५ होते! म्हणजे ज्या २९ च्या आकड्याला आम्ही भुललो, त्याचे रिम त्या जुन्या २८ हून १३ मिलिमीटरने लहानच. शिवाय पातळ टायरच्या साध्या सायकलीचे २६ आणि डोंगरी सायकलीचे २६ हीदेखील एक नव्हेत. साध्याचे रिम ५९० असते. विद्यार्थ्यांनी टायर घेताना हा मिलिमीटरचा आकडा अवश्य वाचावा, म्हणजे फेरा वाचेल.

परंतु मिस्त्रींनी यातले एकही अंक सांगितले नाहीत. त्यांनी तीन गोष्टी करावयास लावल्या. सीटच्या पुढे दांडी पायांत घेऊन दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवावेत. दांडी आणि शरीर यांत किमान चार बोटे जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून हँडल धरावे. कोपर किंचित वाकलेले राहावे आणि ब्रेकच्या कांडीवर बोटे सहज पोचावीत. शेवटी अंगणात अगदी सावकाश एक लहान वर्तुळ घ्यावे. पाय चाकाला लागता कामा नये आणि मध्येच थांबावे लागले तर धाबे दणाणता कामा नये. त्यानंतर आपली रोजची वाट कशी आहे ते पाहावे. या कसोट्यांना उतरेल ते चाक आपले, मग आकडा कोणताही असो.

आमची २९ इंची सायकल पहिल्याच कसोटीत नापास झाली. मिस्त्रींनी दुकानातल्या दोन जुन्या सायकली बाहेर काढल्या. एक साडेसत्तावीस इंची, दुसरी २६ इंची आणि तेरा इंची फ्रेमची. आमची नजर पुन्हा मोठीकडे गेली. "हीच घे, वर्षभर तरी जास्त..." एवढे शब्द ओठांवर आले आणि मुलीच्या मनगटाकडे पाहून तसेच गिळले. ती दोन्हींवर बसली. २६ इंचीवरून तिने एक फेरी मारली, थांबली, पाय टेकले. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. असे सात-आठ वेळा. ती सायकल चालवून पाहत नव्हती, थांबून पाहत होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. मग म्हणाली, "बाबा, ही. हिच्यावर मला थांबता येतं."

त्या रात्री आम्ही स्वतःलाच एक प्रश्न विचारला. दिवाळीत आम्ही सायकल कोणासाठी घेतली होती? पावतीवर नाव मुलीचे होते खरे. पण तो डौल, तो मोठेपणा, ती नवी कोरी झळाळी हवी होती ती वडिलांच्या सायकलीच्या त्रिकोणात पाय घालणाऱ्या एका मुलाला. त्याची हौस आम्ही तिच्या गळ्यात बांधली आणि ती पडली तेव्हा तिलाच भित्री म्हटले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही तिला तसे स्पष्ट सांगितले. ती काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "मग ती मोठी तुम्ही चालवा ना. तुमच्या मापाची आहे."

तेव्हापासून ती आम्हीच चालवितो. पावसाळा सरल्यावर आम्ही दोघे राजहंसगडाकडे गेलो. ज्या वळणावर ती पडली होती तेथे ती मुद्दाम थांबली, दोन्ही पाय टेकून उभी राहिली आणि मागे वळून आमची वाट पाहू लागली. आम्ही चढावर धापा टाकीत पोचलो तेव्हा ती पाणी पीत होती.

पालकांच्या मनात येईल की, मूल वाढले म्हणजे लहान सायकलीचे काय करावे? आमची मुलगी आता १५९ सेंटिमीटर उंच झाली आहे आणि साडेसत्तावीस इंची सायकल चालविते. ती तिने तिन्ही कसोट्या लावून स्वतः निवडली. २६ इंची सायकल तिच्या मामेबहिणीकडे गेली आहे. देण्यापूर्वी तिने त्या लहान मुलीला दांडी पायांत घेऊन उभे केले आणि मधली चार बोटे स्वतः मोजली.