सूर्यास्तापूर्वीची बस

आमच्या करोंदला निवडणूक आली की ती आधी चौकात अडकते. बैरसियाकडून येणाऱ्या बसगाड्या, मंडीत माल घेऊन निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ई-रिक्षा, मॅजिक आणि या सगळ्यांतून वाट काढणारी शाळेची मुलं. त्यात दोन पक्षांच्या प्रचाराच्या गाड्या समोरासमोर येतात आणि दोन्हींच्या भोंग्यांतून एकच गोष्ट ऐकू येते, की आता ही कोंडी सुटणार!

२०२२ च्या पावसाळ्यातली महापौरपदाची निवडणूक मला विशेष आठवते. मध्य प्रदेशात महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडतात. पुण्याच्या माझ्या बहिणीला याचं नवल वाटतं, कारण तिच्याकडे लोक नगरसेवक निवडतात आणि महापौर कोण ते नगरसेवक ठरवतात. त्या वेळी भोपाळची जागा इतर मागासवर्गीय महिलांसाठी राखीव होती. भाजपच्या मालती राय आणि आधी एकदा महापौर राहिलेल्या काँग्रेसच्या विभा पटेल, असा मुख्य सामना. ६ जुलैला मतदान झालं, १७ जुलैला मोजणी झाली आणि मालती राय निवडून आल्या.

दोन बायकांची लढत म्हणून मी जरा आशेनं बघत होते. बसची वाट बघणं हे आपल्याकडे मुख्यतः बायकांचंच काम आहे. घरात दुचाकी एक असते आणि ती पुरुषाबरोबर कामावर जाते. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई भानपूरहून चालत येतात. येताना-जाताना गाडीभाडं दिलं तर एका घरचं काम फुकटच केल्यासारखं होतं, असं त्यांचं साधं गणित आहे. शेजारची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, पण हव्या त्या कॉलेजात गेली नाही. तिथे पोचायला दोनदा गाडी बदलावी लागायची आणि हिवाळ्यात परतताना अंधार व्हायचा. तिचे वडील रागीट नाहीत, नुसते घाबरट आहेत. त्यांची भीती मला खोटी म्हणता आली नाही.

मतदानाच्या आठवडाभर आधी प्रचाराच्या बायका आमच्या गल्लीत आल्या. कोणत्या पक्षाच्या ते सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या आल्या त्याही जवळजवळ तेच बोलल्या. मेट्रो चौकापर्यंत येणार, बसगाड्या वाढणार, पूल होणार. मी पाणी दिलं आणि विचारलं, “आमच्या थांब्यावर छप्पर कधी बसवणार?” त्यांच्यातली मोठी बाई गोड हसली. “दीदी, छोटी-छोटी बातें तो हो ही जाएँगी।”

त्यानंतर दोनच दिवसांनी मी सासूबाईंना घेऊन जुन्या शहरात डॉक्टरांकडे गेले होते. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रात्रीभोजनाचा त्याग त्यांनी लग्नाआधीपासून पाळला होता. सूर्य मावळला की अन्न नाही. पुढे मधुमेह जडला तेव्हा महाराजांना विचारून औषधापुरत्या पाण्याची तेवढी सूट घेतली होती. त्यांच्यामुळे आमच्या घराचं घड्याळ सूर्यावर चालायचं.

सव्वापाचला आम्ही भोपाळ टॉकीजच्या बाजूला थांब्यावर उभ्या राहिलो. वरून पाऊस, खाली चिखल, थांब्याच्या नावाला एक खांब. बस येईना. रिक्षावाले करोंद म्हटलं की मान हलवायचे, “उधर जाम है, अम्मा।” एकाने कबूल केलं तर भाडं तिप्पट. मी तयार होते, पण सासूबाई म्हणाल्या, “थांब गं, येईल एवढ्यात.” पिशवीत त्यांच्यासाठी फोडणीचे मुरमुरे होते. थांब्यावर उभ्याउभ्या त्या खाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. शेवटी पावणेसातला एका मॅजिकमध्ये कोंबून बसलो. सिंधी कॉलनी, डीआयजी बंगला, मग ती नेहमीची कोंडी. काचेबाहेर उजेड कमी होत होता आणि सासूबाई काही न बोलता तिकडे बघत होत्या. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

त्यांनी पाय धुतले, गोळी घेतली आणि जेवायला नको म्हणून सांगितलं. मी आग्रह केला, हे रागावले, काही उपयोग झाला नाही. रात्री अकराला त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला. साखर उतरली होती. यांनी मांडीवर डोकं घेतलं आणि मी चमच्याने साखरेचं पाणी पाजलं. दोन चमचे गेल्यावर त्यांना शुद्ध आली. त्यांनी तोंड मिटलं नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा नियम मोडला होता.

दुसऱ्या दिवशी देवदर्शन करून आल्यावर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून आठ दिवस मीठ सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “आई, यात तुमची काय चूक? बसच आली नाही.” त्या म्हणाल्या, “नियम मी घेतला होता. बसने नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या आळणी भाजी खात होत्या आणि गल्लीतून भोंगा ओरडत चालला होता. बस देण्याचा शब्द ज्यांनी ज्यांनी वर्षानुवर्षं दिला त्यांच्यातल्या एकाच्याही जेवणातलं मीठ कमी झालं नव्हतं.

आपल्याकडे नियम घेण्याची एक रीत आहे. किती, कुठे, किती दिवस, हे आधी ठरवायचं आणि आपल्या शक्तीप्रमाणे घ्यायचं. सासूबाई चातुर्मासात देशव्रत घेत, म्हणजे अमक्या हद्दीपलीकडे जाणार नाही, एवढाच साधा नियम. पण हद्द नाव घेऊन सांगायच्या. जे आपल्या हातात नाही त्याचा नियम घेत नाहीत.

निवडणुकीतली आश्वासनं मी तेव्हापासून याच मापाने मोजते. मेट्रोचं घ्या. ती राज्य आणि केंद्र सरकार मिळून उभारतं, त्यासाठी वेगळं महामंडळ आहे. एम्स ते करोंद या मार्गाची कोनशिला सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बसली. महापौर कुणीही असो, बोगदा खणण्याचा वेग नगर निगमात ठरत नाही. पुण्यात या जानेवारीत निवडणूक झाली तेव्हा राष्ट्रवादीच्या दोन्ही गटांनी बस आणि मेट्रो, दोन्ही मोफत करण्याचं आश्वासन दिलं. बहिणीने फोनवर विचारलं, “खरंच करतील का गं?” मी म्हटलं, मेट्रोचं तिकीट पुण्याचा महापौर ठरवतो का, ते आधी विचार. न्यूयॉर्कमध्ये तर झोहरान ममदानी फुकट बसच्या आश्वासनावर महापौर झाले, पण तिथल्या बसगाड्या चालवणारी संस्था राज्याच्या अखत्यारीत आहे. म्हणजे हा रोग करोंदचाच नाही. ममदानींची इच्छा खरी असेलही, पण किल्ली दुसऱ्याकडे आहे.

मग महापौरांच्या हातात काय? बरंच काही आहे आणि ते सगळं दिसायला लहान आहे. लग्न होऊन मी कारंज्याहून भोपाळला आले तेव्हा इथे मिनीबस आणि पुढे लांब नाक असलेले टेम्पो चालत. त्यांना लोक ‘भट सूअर’ म्हणत. जैनाघरच्या सुनेने असल्या नावाच्या वाहनात बसायचं कसं, म्हणून मी पहिले दोन महिने पायीच फिरले! पुढे २००५ मध्ये राज्याचं परिवहन महामंडळ बंद पडलं आणि शहरासाठी २००६ मध्ये नगर निगमाची बस कंपनी आली. म्हणजे शहरातली बस तरी आपल्या निगमाच्या हातात आली. थांबा, छप्पर, बाकडं, दिवा, थांब्यापर्यंतचा फुटपाथही त्याच्याच आवाक्यातले आहेत.

मोठ्या कामाची हौस मात्र फिटत नाही. मिसरोदपासून बैरागढपर्यंत २४ किलोमीटरची बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाली. बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट होती. २०२४ च्या जानेवारीत ती उखडायला सुरुवात झाली. ती चांगली की वाईट यावर लोक अजून भांडतात. मला एवढंच दिसतं की ती बांधतानाही टाळ्या वाजल्या आणि काढतानाही वाजल्या. खांबावर छप्पर बसवलं तर टाळ्या वाजत नाहीत, म्हणून ते राहून जातं.

सासूबाई आता नाहीत. २० डिसेंबर २०२५ ला मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं उद्‌घाटन झालं. पुढच्या आठवड्यात हे आणि मी मुद्दाम एम्सहून बसलो. गाडी छान, स्वच्छ, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारी. सुभाष नगरला ती थांबली आणि सगळे उतरले. पुढचा मार्ग अजून व्हायचा आहे. तिथून घरी यायला आम्हांला आणखी दोन गाड्या बदलाव्या लागल्या. हे म्हणाले, “येईल एक दिवस करोंदपर्यंत.” येईलच. पण स्टेशन झालं तरी त्याच्यापासून आमच्या गल्लीपर्यंतची वाट कुणीतरी करायलाच हवी.

२०२७ मध्ये पुन्हा निवडणुकीची पाळी येते. सासूबाई ज्या वहीत आपले नियम लिहीत तिची मागची पानं कोरी आहेत. त्यांतल्या एका पानावर मी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. आमच्या थांब्यावर छप्पर कोणत्या तारखेला? संध्याकाळी पाच ते सात जुन्या शहरातून करोंदला बस किती मिनिटांनी? आणि नाही जमलं, तर काय सोडाल?

तिसरा प्रश्न ऐकून उमेदवार हसतील. हसू देत. मी पाणी देईन, बसायला सांगेन आणि उत्तर लिहून घेईन. सही मात्र त्याच वहीत, सासूबाईंच्या अक्षराखाली.