साहेब गेला, दप्तर राहिलं

मुरबाड

चि. बाय हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. 'नवस्वतंत्र राष्ट्रांपुढील आव्हाने' या मथळ्याखाली घाना आला, इंडोनेशिया आला, फाळणी, संस्थानं, अन्नटंचाई, भाषावार प्रांत, सगळं आलं. भाषा छान झाली आहे, पण जरा दिल्लीच्या गच्चीवरून लिहिल्यासारखी वाटते. आपल्या मुरबाड-शहापुराकडे स्वातंत्र्य कसं आलं असं विचारलंस, म्हणून हे लांबट पत्र. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, तेव्हा माझं स्वातंत्र्यसुद्धा थोडं कागदावरचंच असणार, हे धरून वाच.

आपल्याकडे सुरुवात सिद्धगडापासून करतात. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता सगळ्यांना पाठ असतो. पण वकील झालेल्या कोतवालांनी त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, शाळा चालवल्या होत्या, हे भाषणात एका वाक्यात उरकतात. मला तीच कोठी महत्त्वाची वाटते. आषाढात घरातलं भात संपलं की सावकाराकडून मण आणायचं आणि दिवाळीत दिढीने, म्हणजे मणाला दीड मण, फेडायचं, हा इथला खरा कारभार होता. मनोरा पाडणं एका रात्रीचं काम. दिढी कशी पाडायची, हा प्रश्न १५ ऑगस्टनंतर नव्या सरकारच्या गळ्यात पडला.

सरकारने तो टाळला असं म्हणू नकोस. १९४८ चा कूळकायदा आला, पुढे दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानायचं. मात्र जमीन फुकट नव्हती. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० पट ते २०० पट यांच्या दरम्यान किंमत ठरवायची आणि ती कुळाने हप्त्यांनी भरायची. केनियातसुद्धा गोऱ्यांच्या जमिनी विकतच घ्याव्या लागल्या, हे तुझ्याच प्रकरणात आहे. ते वाचताना मला हाच कायदा आठवत होता.

आपलं घर कुळाचं, म्हणून तू आज पुण्यात शिकतेस. तुझे पणजोबा या कायद्याच्या कलम ३२ ग च्या चौकशीला गेले होते. आजोबा सांगायचे, टेबलापलीकडे मामलेदार, अलीकडे कूळ आणि बाजूला बाकावर जमीनमालक पानाचा डबा उघडून बसलेला. मामलेदाराने विचारायचं, जमीन विकत घेणार का? पणजोबा 'घेतो' म्हणाले. त्यांच्या पुढे-मागे उभे असलेल्यांपैकी काही जण 'नको' म्हणाले. त्यांना जमीन नको होती असं कोण म्हणेल? पण त्याच मालकाचं भात पावसाळ्यात खाल्लेलं, पुढच्या पावसाळ्यातही त्याच्याच दारात जायचं होतं. 'नको' म्हटलं की कलमाप्रमाणे खरेदी निष्फळ. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे १९५७ मध्येच या कायद्याचा पंचनामा केला आहे. कुळांनी 'स्वखुशीने' दिलेले राजीनामे किती खुशीचे होते, हे त्यात दिसतं. ते पुस्तक वाचल्याशिवाय प्रकरण पुरं करू नकोस.

तरीही कूळ निदान टेबलापर्यंत पोचलं होतं. सात-बारावर कुठेतरी त्याचं नाव होतं. आदिवासी कातकऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. तो गडी होता, वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेला मजूर होता, वरकसावर नाचणी-वरी पेरून पुढच्या साली दुसरीकडे जाणारा होता. त्याची झोपडी दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरात. कसेल त्याची जमीन म्हणताना 'कसणारा' कोण, हे जुन्याच दप्तरातून बघायचं ठरलं, आणि ते दप्तर इंग्रजाने सारा गोळा करायला लिहून घेतलं होतं. साऱ्याशी ज्याचा संबंध नाही त्याला त्यात नोंदवायचं कारणच काय होतं? बाय, माझं एवढंच म्हणणं आहे. घ्यायला बनवलेल्या यंत्राकडून आपण देण्याचं काम करून घ्यायला निघालो.

जंगलाचंही तसंच. भाताच्या रोपांची जागा भाजायच्या राबासाठी टहाळ तोडायचा हक्क, गुरं चारायचा हक्क, फिरत्या नाचणीची जागा, हे सगळं साहेबाच्या वनखात्याच्या मर्जीवर गेलं होतं. १९२७ चा वन कायदा आपण जसाच्या तसा चालू ठेवला. वनहक्काचा कायदा यायला २००६ उजाडलं. वेठबिगारी संविधानाच्या २३ व्या कलमाने १९५० लाच बंद केली, पण ती मोडायचा कायदा १९७६ चा, त्याआधी वटहुकूम १९७५ चा. मधली २५ वर्षं उचल घेतलेल्या गड्याला संविधानाचा काय उपयोग झाला असेल? मूल्यमापन तू करशील, मी फक्त तारखा शेजारी ठेवतो.

पाण्याच्या तारखा तर आणखी बोलक्या आहेत. शहापूरचं तानसा धरण १८९२ चं, मुंबईसाठी. भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. साहेब गेला, भातसा धरण आपण बांधलं, आणि जमिनी घेतल्या त्या त्याच १८९४ च्या कायद्याखाली. तो २०१३ च्या अखेरपर्यंत जिवंत होता. आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी भातसाचं, आणि एप्रिल-मे आला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. टँकर आला की विहिरीत पाणी ओततात आणि बाया दोर सोडून तेच पाणी परत शेंदतात. मुंबईकर तहानलेला राहावा असं इथे कुणीच म्हणत नाही. पण पाणी कुणाचं, हा हिशेब तानसाच्या वेळी मांडला गेला तसाच पुढे चालू राहिला, आणि तो फिरवून मांडायला आपल्याच लोकांचं राज्य होतं.

आता गेल्या काही वर्षांतलं. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक, बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या वस्त्यांवर दाखल्यांची शिबिरं होतात. निवृत्तीनंतर मी हौसेने मदतीला जातो. जमातीचा दाखला मागणाऱ्याने ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आपलं कुटुंब या राज्यात होतं, याचा पुरावा द्यायचा असतो. त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. एका म्हाताऱ्याला तरुण कारकुनाने विचारलं, "बाबा, पन्नास सालाआधी कुठे होता?" म्हातारा म्हणाला, "हितंच. तुमी कुटं होता?" सगळे हसले, कारकूनही. पण दाखला हसण्यावर मिळत नाही. बापाला शाळा माहीत नव्हती, आज्याला घरपट्टी नव्हती. शेवटी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत, ज्याला आम्ही कोतवाल बुक म्हणतो, मोडीत 'काथोडी', म्हणजे कातकरी, अशी एक ओळ सापडली. वहीच्या कडा झडलेल्या, पान धरलं की हातात तुकडा येई. मोडी वाचणारे आता तालुक्यात शोधावे लागतात. भारताच्या प्रजासत्ताकात हक्क मिळवायला त्या कुटुंबाला इंग्रजी अमदानीतली एक नोंद कामी आली, आणि ज्यांची नोंद नव्हती ते पुढच्या शिबिरावर गेले.

हे वाचून तू 'काहीच बदललं नाही' असं लिहून टाकशील, म्हणून घाईने सांगतो की ते खरं नाही. मत सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं, सात-बारा असो वा नसो. त्या मताची धार चढायला वेळ लागला एवढंच. मुरबाडच्या काळू धरणाचं बघ. काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेने विरोध केला, इंदवी तुळपुळे आणि गावोगावचे लोक कोर्टात गेले, आणि वनखात्याची मंजुरी नसताना चाललेलं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं. गंमत अशी की ज्या वनखात्याने आज्याचा टहाळ अडवला, त्याच्या मंजुरीचा कागद नव्हता म्हणून नातवाची जमीन तेव्हा वाचली. तुझ्या 'आव्हाने' आणि 'उपलब्धी' या दोन रकान्यांपैकी हे कुठे बसवशील ते कळव.

दिवाळीनंतर ये. भाताची कापणी उरकलेली असते आणि भट्टीवर जाणारी माणसं अजून घरी सापडतात. शहापूरला यायचं तर आसनगावला उतर, मी घ्यायला येईन. जुने भूसंपादन निवाडे बघायचे असतील तर साध्या कागदावर अर्ज कर, गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही लिही, नाहीतर परत पाठवतील. मोडीसाठी एका निवृत्त गुरुजींना सांगून ठेवलं आहे. ते फी घेत नाहीत, पण चहा दोनदा लागतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा