कमान, खुर्ची आणि घरपट्टी



माझे नाव पाहिले की तुम्ही हुमणीचा नाहीतर कांद्याच्या करप्याचा उपाय शोधता, हे मला ठाऊक आहे. आज तसे काही नाही. आज एका खुर्चीची हकीकत सांगायची आहे. खुर्ची म्हणजे सरपंचांची नव्हे. मधोमध भोक असलेली, खाली भांडे ठेवायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जागच्या जागी शौचाला बसता यावे म्हणून केलेली खुर्ची. असल्या गोष्टी छापायच्या नसतात असे कोणाला वाटेल. पण ज्यांच्या घरी म्हातारे माणूस पडून आहे, त्यांना वाटणार नाही.

सीना नदीपासून दोन कोसांवर आमचे गाव. दादा आणि वहिनी गावी शेती पाहतात. मी बी.एस्सी. (कृषी) होऊन पंचायत समितीत विस्तार अधिकारी झालो आणि तालुक्याच्या गावी राहतो. २०२३ च्या भाद्रपदात आई गोठ्यात शेणावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन ऑपरेशन केले, पंधरा दिवसांनी घरी आणली. डॉक्टरांनी बजावले होते, उकिडवे बसू द्यायचे नाही. आणि आमचा संडास परसाच्या टोकाला, खाली बसायचा. दादा आणि वहिनी दोन बाजूंनी धरून तिला न्यायचे. दादा रानात असला की वहिनी एकटी. महिन्याभरात वहिनीची कंबर धरली. आईने तर पाणी पिणेच कमी केले. का, ते तुम्हाला सांगायला नको.

मी शनिवारी गेलो की आईजवळ बसायचो, औषधे बघायचो आणि रविवारी परतायचो. एकदा आशाताई आल्या होत्या. त्यांच्या वहीत गावातल्या अशा माणसांची नावे होती. आमच्या आईला धरून नऊ. कोणाला अर्धांगवायू, कोणाला संधिवात, एक पोरगा झाडावरून पडून कमरेपासून लुळा झालेला. त्या म्हणाल्या, "एका घरी प्लॅस्टिकच्या खुर्चीला विळा तापवून भोक पाडलंय. चांगली युक्ती आहे." मला आधी हसू आले. मग आले नाही.

पुढच्या शनिवारी मी तीनेक हजारांची खुर्ची आणि एक वॉकर घेऊन गेलो. आईचे पाणी पिणे पुन्हा सुरू झाले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपल्याला मिळाली. बाकीच्या आठ जणांचं काय? पंचायतीत लाखांनी पैसा येतो म्हणता. त्यात हे बसत नाही का?"

बसते. आणि ते मला माहीत होते, हीच खरी शरमेची गोष्ट.

२०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. त्याबरोबर प्रत्येक गावाने आपला आराखडा आपण करायचा, असे ठरले. 'आमचा गाव, आमचा विकास' ही पाटी तुम्हीही पाहिली असेल. आम्हा अधिकाऱ्यांना गावे वाटून दिली. मला तीन आली. शिवारफेरी काढली, पारावर बसलो, बंधारे, पाणंद रस्ते, गोदाम, सगळे हौसेने लिहिले. आरोग्याचे पान आले तेव्हा दिवस मावळला होता. मी लिहिले, 'आरोग्य शिबिर घेणे'. सामाजिक बाबींच्या पानावर लिहिले, 'अपंगांना साहित्य वाटप'. तिन्ही गावांत अक्षरशः तेच. कोणी विचारले नाही. किती अपंग, त्यांना काय हवे, हे मी एकाही उंबऱ्यावर जाऊन विचारले नव्हते. कपाशीच्या एका झाडावरची बोंडे मोजणारा माणूस मी!

आता पंचायतीच्या पैशाचा हिशेब थोडा समजून घ्या. अवघड नाही, सोसायटीच्या खात्याहून सोपा आहे. पंचायतीच्या पैशाची दोन मोठी गाठोडी असतात. एक वरून येणारे, दुसरे तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीचे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात वरून येणाऱ्या रकमेतले शंभरातले साठ रुपये बंधित होते. त्यातले निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेले चाळीस अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. दुसऱ्या गाठोड्याला, म्हणजे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नालाही वाटे ठरवून दिलेले आहेत. दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी. याखेरीज गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला आरोग्य खात्याकडून वर्षाला दहा हजारांच्या आसपास रक्कम मिळण्याची तरतूद आहे. ती समिती आपल्या गावात आहे की नाही आणि शेवटची कधी बसली, एवढे आशाताईंना विचारून बघा.

वहिनीला मी हे सगळे कागदावर लिहून दिले. ती सातवी शिकलेली. तिने दोनदा वाचले आणि विचारले, "मग उपकेंद्रात पाणी का नाही?"

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असते, त्या हिशेबाने आजूबाजूच्या तीन गावांत मिळून ते आमच्याकडे आले. इमारत चांगली. पण नळाची पाइपलाइन त्याच्या अलीकडे दोनशे फुटांवर संपलेली. पाणी नाही म्हणून संडास बंद, संडास बंद म्हणून सिस्टर मुक्कामी राहत नाही, सिस्टर नाही म्हणून बाळंतीण जीपमध्ये घालून चौदा किलोमीटर न्यायची. तिला नावे ठेवणे सोपे होते, आम्ही ती वर्षानुवर्षे ठेवली. बंधित निधीतला पाण्याचा पैसा नेमका यासाठीच होता, आणि तो त्या वर्षी शिल्लक होता. तरी आराखड्यात पहिल्या नंबरावर काय होते? गावाच्या वेशीवर कमान.

सरपंचांना मी दोष देणार नाही. कमानीची मागणी गावानेच केली होती, आमच्या भावकीनेही. शेजारच्या गावाने बांधली, मग आपली का नको? शिवाय सिमेंटच्या कामाला मोजमाप आहे. लांबी, रुंदी, उंची, की झाले बिल. म्हातारीची कूस किती वेळा बदलली याचे मोजमाप कोणत्या पुस्तकात लिहायचे? सेवेचे काम कागदावर आणायला कष्ट पडतात, म्हणून ते मागे पडते. माझ्याही हातून याच कारणाने पडले.

जामखेड तुम्हाला ठाऊक आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. त्यांनी गावागावांत शेतकरी मंडळे उभी केली, आणि मग गावाने निवडलेल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायका बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या. आमच्या जिल्ह्यातली ही गोष्ट जगभरचे डॉक्टर येऊन पाहतात. आणि मी? मी गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या सहली हिवरे बाजारला नेतो. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. तेव्हापासून तिथे काय काय झाले ते मी पाठ म्हणून दाखवतो. बंधारे, सलग समतल चर, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. लोक बंधाऱ्यावर उभे राहून फोटो काढतात. पण यातला प्रत्येक निर्णय आधी ग्रामसभेत झाला, पाण्याचा ताळेबंद लोकांसमोर मांडून पिके ठरली, हे मी बसमध्ये परतताना घाईघाईने सांगायचो, तेव्हा निम्मे लोक झोपलेले असायचे. पाहायला न्यायचे होते ते ग्रामसभा भरते ती जागा.

असो. २६ जानेवारी २०२४ ची ग्रामसभा. तिच्या आधी बायकांची महिला सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बहुधा वहीवरच होत असे, वही घरोघर फिरायची. या वेळी वहिनी आणि आशाताई दारोदार फिरल्या आणि साठ-पासष्ट बायका शाळेच्या व्हरांड्यात जमल्या. दोन गोष्टी ठरल्या. उपकेंद्राला पाणी, आणि पंचायतीने सहा-सात खुर्च्या, वॉकर, दोन चाकांच्या खुर्च्या घेऊन ठेवायच्या. ज्याला लागेल त्याने वापरून परत करायच्या, लग्नाची भांडी नेतात तशा.

दुपारी मुख्य सभा. शंभर माणसे किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. आमच्याकडे पुष्कळदा तहकूब सभेवरच भागते. त्या दिवशी पटांगण भरले होते. मी मागच्या बाजूला, आंब्याखाली उभा होतो. नोकरीतला माणूस, स्वतःच्या गावात बोलावे की नाही या विचारात. खरे सांगतो, भावकीच्या विरुद्ध बोलायचे धाडस नव्हते.

वहिनी उठली. मी तिला तीस वर्षे ओळखतो, चार माणसांत बोलताना पाहिली नव्हती. पदर सारखा करून तिने महिला सभेचा ठराव वाचला. पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं करणं हे घरच्यांचं काम. त्यात पंचायत कशाला?"

वहिनीने विचारले, "घरचे म्हणजे कोण, अण्णा? नाव घेऊन सांगा."

कोणी बोलेना. मग मागून एका बाईचा आवाज आला, "मीच की, दुसरं कोण!" आणि बायका हसल्या. हसता हसता एक जण रडायला लागली. तिच्या सासऱ्यांना सहा वर्षे झाली होती पडून.

पाण्याच्या पाइपचा ठराव लगेच झाला. त्याला विरोध करायला कारणच नव्हते, पैसा त्याच कामाचा होता. खुर्च्यांवर मात्र गाडे अडले. ग्रामसेवक (आता यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मोठा सरळ माणूस. तो म्हणाला, "दिव्यांगांचे पाच टक्के प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. म्हाताऱ्या माणसांपैकी दोघांकडेच प्रमाणपत्र आहे. बाकीच्यांसाठी गावाच्या उत्पन्नातून करता येईल, पण उत्पन्न आहे कुठं? मागणी सहा लाखांची, वसूल पावणेतीन लाख." मग त्याने वहीतून वाचून दाखवले. पावणेतीन लाखांवर दिव्यांगांचे होतात पावणेचौदा हजार आणि महिला-बालकल्याणाचे साडेसत्तावीस हजार. सगळी पट्टी आली असती तर तीस हजार आणि साठ हजार.

"थकबाकीदार कोण, ते वाचा," एक तरुण ओरडला. त्याने वाचायला सुरुवात केली. बावीस की तेविसावे नाव माझ्या वडिलांचे होते.

वडील जाऊन अकरा वर्षे झाली. घर अजून त्यांच्याच नावावर. दादाला वाटे मी तालुक्याहून भरतो, मला वाटे दादा गावात भरतो. तीन वर्षांची थकबाकी, चार हजार तीनशे ऐंशी रुपये. आंब्याखाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे सगळ्या गावाने वळून पाहिले. वहिनीने पाहिले नाही, तेवढी तिने दया केली. मी पुढे जाऊन तिथेच पैसे भरले. पावती घेतली. त्यानंतर मला बोलायला धीर आला की उलट, बोलण्याशिवाय तोंड दाखवायला जागा उरली नाही, ते सांगता येत नाही. पण बोललो. कमान एक वर्ष पुढे ढकलावी, तिचा गावाच्या उत्पन्नातला हिस्सा खुर्च्यांना द्यावा आणि थकबाकी महिन्यात भरावी, असे सुचवले. भावकीतल्या दोघांनी माझ्याशी बोलणे टाकले, ते अजून पुरते सुरू झालेले नाही.

सगळेच सुरळीत झाले असे समजू नका. पाइप टाकायला पावसाळा उजाडला. सिस्टर आता आठवड्यातले चार दिवस मुक्कामी असते, सात नव्हे. लुळ्या पोराला चाकांची खुर्ची मिळाली, पण पंचायतीच्या पायऱ्यांना उतार नाही, तो अजून खालीच थांबतो. सात खुर्च्या आणि चार वॉकर मात्र आले. अंगणवाडीच्या मागच्या खोलीत असतात. पाठीवर पिवळ्या रंगाने नंबर घातले आहेत, वही आशाताईंकडे. वसुली वाढली, पुरी झालेली नाही. आणि कमान २०२५ मध्ये झाली. थोडी बुटकी झाली, उसाची ट्रॉली वाकडी करून काढावी लागते, त्यावरून गावात रोज एक विनोद होतो.

आई २०२४ च्या मार्गशीर्षात गेली. शेवटचे वर्षभर तिने कोणाला रात्री उठवले नाही. तेराव्यानंतर वहिनीने आम्ही विकत आणलेली ती खुर्ची फिनेलने धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि अंगणवाडीत नेऊन दिली. तिला आठ नंबर मिळाला.

परवा वहिनीचा फोन आला. आठ नंबर वरच्या आळीतल्या अण्णांच्या घरी गेली आहे. तेच, पुढच्या रांगेतले अण्णा. त्यांच्या मालकिणीला अर्धांगाचा झटका आला. अण्णा स्वतः खुर्ची न्यायला आले, वहीत सही केली आणि भांडे कसे काढायचे ते वहिनीला दोनदा विचारून घेतले. एवढे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, या सालची घरपट्टी मी भरली आहे. दादांना विचारू नका, मलाच विचारा."