ठकीचा रोडगा

जेजुरीला जायचं ठरलं ते एका रोडग्यावरून. खंडोबा आमचं कुलदैवत. चंपाषष्ठीला घरात तळी उचलायची, बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत देवापुढे ठेवायचं, त्यातला एक वाटा कुत्र्याला घालायचा आणि मगच घरच्यांनी जेवायला बसायचं, हा आमचा कुळाचार. ठकी घरात आल्यापासून तो वाटा तिचाच असायचा. आषाढात ठकी गेली. मार्गशीर्ष लागला, आईनं बाजरी निवडायला घेतली आणि ताट तसंच मांडीवर ठेवून म्हणाली, "या वर्षी नैवेद्य कुणाला घालायचा गं?"

रस्त्यावरच्या कुत्र्यांना घाल, असं म्हणणं सोपं होतं. पण आमच्या सोसायटीनं फाटकापाशी खायला घालायला बंदी केली आहे, आणि नैवेद्य चोरून घालणं आईला पटेना. "देवाचं काम आहे, लपूनछपून कसलं करायचं? चल, त्याच्याच दारात जाऊ."

ठकी आम्हाला शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये मिळाली. पिल्लू असताना तिला डिस्टेंपर झाला होता. त्यातून फार थोडी पिल्लं वाचतात, आणि जी वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या अंगात झटके कायमचे राहतात. ठकीचा डावा मागचा पाय सतत उडायचा. जागेपणी उडायचा, झोपेतही उडायचा. बघायला येणारी माणसं तो पाय बघत आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळत. आईनं मात्र तिथल्या मुलीला एवढंच विचारलं, "दुखतं का हो तिला?" मुलगी म्हणाली, "दुखत नाही, नुसता हलतो." मग ती मुलगी घरी येऊन गॅलरीला जाळी आहे का, घरात कोण कोण असतं, हे सगळं बघून गेली आणि त्यानंतरच ठकी आमची झाली. नसबंदी तिथेच झालेली होती. त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं होतं. रात्री सगळं शांत झालं की तिचा पाय फरशीवर वाजायचा, ठक ठक ठक. बाबा गेले त्या वर्षी आई रात्र रात्र जागी असायची. आवाज चालू आहे म्हणजे घरात कुणीतरी आहे, असं ती म्हणायची. शेवटी ठकीच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आम्ही घरीच कातडीखाली सलाइन द्यायचो, आई बाटली उंच धरून बसायची.

ती गेल्यावर माणसं जे बोलली त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. "दुसरं आणा की." "कुत्राच तर होता." माझ्या आईच्या तोंडावर हे बोलायची हिंमत लोकांना होते कशी? घरातलं माणूस गेलं तर जे शब्द जिभेवर यायला धजत नाहीत, ते इथे सहज येतात. मी ऑफिसात रजेचं कारण 'कौटुंबिक' असं लिहिलं, आणि ते अगदी खरं होतं.

दिवेघाटातून खाली मस्तानी तलाव दिसला, सासवडला चहा घेतला. जेजुरीला पोचलो तेव्हा गडकोटाच्या पायऱ्यांवर माणसांचा लोंढा होता. नवलाख पायरी म्हणतात ती याच वाटेला. मला गर्दी सोसत नाही, देवाच्या गर्दीतही माझा जीव घाबरतो. पण जेजुरीच्या गर्दीला एक रंग आहे आणि त्यापुढे मी हरते. भंडारा उधळला जातो आणि बघता बघता सगळे एकाच रंगाचे होतात. शेट, हमाल, नवी नवरी, कडेवरचं पोर, दीपमाळा, पायऱ्या, पितळी कासव, सगळं पिवळं. मला सर्वांत आवडली ती कुत्री. जेजुरीची कुत्री पाठीवर हळद घेऊन हिंडतात. कुणी हाड म्हणत नाही. येणारा जाणारा चिमूटभर भंडारा त्यांच्याही पाठीवर टाकतो, आणि ती अंग झाडून पुढे जातात. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'त मारुतीच्या पडक्या देवळात पिल्लं घेऊन राहिलेली एक कुत्री आहे. कॉलेजात ती कविता वाचली तेव्हा मला ती कवीची कल्पना वाटली होती. इथे पायरीपायरीवर तिची नातवंडं पतवंडं भेटत होती.

आईला गुडघ्यांमुळे गडावर चढायचं नव्हतं. म्हणून आम्ही कडेपठारच्या वाटेला लागलो. कडेपठार हे जुनं ठाणं, देव आधी तिथे होता असं मानतात. चढण गडाहून मोठी, पण पायथ्याशी निवांत असतं. तिथे एका झाडाखाली चौथऱ्यावर एक म्हातारे वाघ्या बसले होते. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, कवड्यांची माळ, मांडीशी दिमडी, कमरेला कोटंबा. कोटंबा म्हणजे वाघ्यांचं भिक्षापात्र. त्यांचा लाकडी होता, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या, आतला रंग हळदीनं आणि तेलानं काळपट सोनेरी.

आईनं डबा काढला. एका कप्प्यात भरीत आणि कांद्याची पात, दुसऱ्यात नुसता रोडगा, वर तूप. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ठकीचा वाटा आई वेगळाच ठेवायची. या वर्षीही हातानं तसाच वेगळा ठेवला होता. ती म्हणाली, "बाबा, कुत्र्याचा नैवेद्य आहे. कुठं घालू?"

म्हाताऱ्यानं कमरेचा कोटंबा सोडला, फडक्यानं पुसला आणि आमच्यासमोर भुईवर ठेवला. "हितं घाला माउली. देवाचं कुत्रं म्हंजी आमीच."

हे मला पुस्तकातून माहीत होतं. वाघ्या हे खंडोबाचे कुत्रे म्हणवतात, कोटंबा भरून भुईवर ठेवला की त्याभोवती भुंकतात, हातानं न खाता तोंडानं घास उचलतात. पण ते समोर घडेल असं मनात नव्हतं. आईनं रोडगा ठेवला. म्हाताऱ्यानं पागोटं काढून चौथऱ्यावर ठेवलं, दोन्ही हात भुईला टेकले आणि भुंकला. आवाज घोगरा, तुटक, छातीतून आलेला. मग मान खाली घालून त्यानं रोडग्याचा एक लचका दातानं तोडला. तुपाचा ओघळ हनुवटीवर आला.

माझ्या अंगावर काटा आला. पांढऱ्या मिशांचा माणूस, माझ्या आजोबांच्या वयाचा, आमच्या पायांशी ओणवा. माणसानं माणसापुढे असं व्हावं हे मला सहन होईना, मी आईचा दंड धरला. तेवढ्यात वाटेवरच्या एका पोरानं मोबाइल वर केला. आई काही न बोलता त्याच्या आणि म्हाताऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरून. पोरगा निघून गेला.

म्हातारा उठून बसला, तोंड पुसलं. माझा चेहरा बघून म्हणाला, "तुमच्याम्होरं न्हाई वाकलो ताई. देवाम्होरं वाकलो. आता पोरं लाजत्यात, कोटंब्याला तोंड लावत न्हाईत." उरलेल्या रोडग्याचे त्यानं दोन तुकडे केले. एक झाडामागच्या पिवळ्या पाठीच्या कुत्रीला टाकला, एक स्वतः हातानं खाल्ला.

मग त्यानं विचारलं, "तुमची कशी व्हती?"

त्या सगळ्या महिन्यांत हा प्रश्न आईला कुणीही विचारला नव्हता. ती बोलायला लागली. रंग गव्हाळ, शेपटीचं टोक पांढरं. पाय उडायचा. कुकरच्या शिट्टीला घाबरायची. बाबांच्या खुर्चीखाली झोपायची. म्हातारा मध्ये मध्ये विचारत होता. कुणाच्या पोटची? आजारी किती दिवस होती? श्वास कुणाच्या मांडीवर गेला? तोंडात पाणी घातलं का? एखाद्या घरी दुखवट्याला गेल्यावर विचारतात तेच प्रश्न, त्याच क्रमानं. आई डोळे न पुसता उत्तरं देत होती. "कुणाच्या पोटची ते ठाऊक नाही बाबा, अनाथ होती." त्यावर तो म्हणाला, "म्याबी तसाच. आयची लेकरं जगंनात. म्हणून मी झालो तसा मला देवाला वाहिला. घरवाघ्या न्हवं, दारवाघ्या." म्हणजे तात्पुरता नवस फेडायला झालेला नव्हे, जन्मभर दारोदार वारी मागणारा.

मुलं देवाला वाहण्याची ही चाल मला मान्य नाही, ती कुणालाही मान्य होऊ नये. मुरळी म्हणून वाहिलेल्या मुलींचं पुढे काय होई ते सांगत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे फिरले. मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, तोवर किती पोरी भंडाऱ्याखाली गाडल्या गेल्या. म्हाताऱ्याच्या आईनं जे केलं ते भीतीपोटी केलं, आणि त्याची किंमत या माणसानं आयुष्यभर भरली. हे सगळं मला तिथे बसूनही दिसत होतं. आणि तरी माझ्या आईचं दुःख पुऱ्या मापानं मोजून घेतलं ते याच माणसानं.

त्यानं गोष्टही सांगितली. मणी दैत्याचं रक्त भुईवर पडलं की थेंबाथेंबातून नवे दैत्य उठत. देवाच्या कुत्र्यानं रक्त वरच्यावर चाटून घेतलं, भुईला लागू दिलं नाही, तेव्हा कुठे लढाई संपली. "कुत्रं नसतं तर देव हरला असता," तो म्हणाला, आणि ते त्यानं वाण्याकडचा हिशेब सांगावा इतक्या सरळ सांगितलं.

"पुरली कुटं?"

"माझ्या भावाच्या शेतात, भोरजवळ."

"वर काय हाय?"

"काही नाही."

"मग धोंडा ठिवा. शेंदूर नको. भंडारा घाला."

धोंडा म्हटल्यावर मला आतकूर आठवलं. कर्नाटकात मंड्याजवळच्या या गावचा एक वीरगळ आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. साल ९४९-५०. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग यांनी तक्कोलमला चोळांचा पराभव केला. त्या लढाईत गाजलेल्या मनलेर नावाच्या वीराला बुतुगानं विचारलं, काय हवं ते माग. त्यानं जमीन मागितली नाही, सोनं मागितलं नाही, राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे रानडुकराशी झुंजताना ती आणि डुक्कर दोन्ही मेली. मनलेरानं तिच्या नावानं दगड उभा केला, झुंज कोरून घेतली, आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. त्या दगडाची पूजा करणाऱ्या शैव पुजाऱ्याला लेखात 'गोरव' म्हटलंय, आणि पूजा न करता जेवलास तर पाप लागेल अशी तंबी दिलीय. मैलाराचे, म्हणजे कानडी मुलखातल्या खंडोबाचे भक्त आजही गोरवच म्हणवतात. हजार वर्षांपूर्वीचा तो सरदार मला त्या झाडाखाली सख्ख्या नात्यातला वाटला. मी ही हकिगत म्हाताऱ्याला सांगितली. तो जराही चकित झाला नाही. "बरूबर हाय की," एवढंच म्हणाला.

त्यानं दिमडी घेतली आणि देवाला हाका घातल्या, पालीच्या, नळदुर्गाच्या, मंगसुळीच्या, मैलाराच्या. शेवटी आईनं दिलेल्या पानसुपारीवर भंडारा टाकून ठकीचं नाव घेतलं, आमच्या कुळाच्या नावासकट. "सदानंदाचा येळकोट!" आईनं खणखणीत आवाजात साथ दिली. दक्षिणा त्यानं घेतली, जास्तीची नोट परत केली.

दुपारी आईनं हट्टानं गडही चढला, टेकत, थांबत. मग मोरगाव झालं, भुलेश्वर झालं. भुलेश्वरची शिल्पं उन्हात फार सुंदर दिसतात, पण माझं लक्ष त्यांच्यात नव्हतं. गाडीत आई मामाशी फोनवर बोलत होती. विहिरीच्या कामातून निघालेल्या दगडांतला एक सपाट बघून ठेव, हातभर उंच पुरे, बांधाच्या कडेला आंब्याखाली लावायचा. मामानं विचारलं, नाव घालायचं का?

"घालायचं," आई म्हणाली. "आणि कारागीर सासवडचाच बघ. त्यांचं अक्षर चांगलं येतं. आडनावाला जागा सोडायला सांग."