मूळ प्रमाणपत्र



गेल्या महिन्यात नागपूरहून भाचीचा फोन आला. तिचे बी. एड. नुकतेच पूर्ण झाले आहे. "मामी, मलाही तिकडे इंटरनॅशनल शाळेत शिकवायचे आहे. काय काय लागते, ते एकदा नीट सांगा ना," असे ती म्हणाली. आम्ही दोघांनी फोन मध्ये ठेवून तिला पाऊण तास सांगितले. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की हाच प्रश्न वर्षातून चार-पाच घरांतून आम्हाला विचारला जातो आणि प्रत्येक वेळी आम्ही तेच सांगतो. म्हणून आमच्या वाटचालीतील जे इतरांच्या उपयोगी पडेल, ते येथे एकत्र लिहीत आहोत. त्यात एका चुकीची कबुलीही आहे.

आमच्यापैकी एकीचे माहेर कामठीचे. ज्या कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केले आणि 'जयभीम' हे अभिवादन रुजवले, त्याच गावात आमची आई विड्या वळत असे. लेक तेंदूपानाला हात लावू लागली, की ती म्हणे, "पाने मी कापते, तू पाने वाच." दुसऱ्याचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी मजूर होते. आम्ही दोघेही २०१० मध्ये बी. एड. झालो, एकाचा विषय गणित, दुसऱ्याचा विज्ञान. तेव्हा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. शुल्क भारत सरकार शिष्यवृत्तीतून भरले जाणार होते. वर्ष संपले, निकाल लागला, विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्रे महाविद्यालयात आली. पण शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही. शासनाचे पैसे जमा होईपर्यंत मूळ प्रमाणपत्र मिळणार नाही, असे कार्यालयाने सांगितले. आम्ही झेरॉक्स प्रती घेतल्या आणि घरी आलो. हीच ती चूक. त्या वेळी तिची जाणीवही झाली नाही.

पुढची चार वर्षे अनेकांच्या परिचयाची असतील. अनुदानित शाळेत जागा निघाली, की संस्थाचालकांचा माणूस आधी 'डोनेशन'चा आकडा सांगे. तो आकडा आमच्या दोन्ही घरांच्या आयुष्यभराच्या बचतीपेक्षा मोठा असे. शेवटी आम्ही एका विनाअनुदानित शाळेत लागलो. तेथे पगारपत्रकावर सही एका रकमेवर होई आणि हातात दुसरीच रक्कम पडे. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि उरलेली आशाही मावळली. २०१४ मध्ये आमच्यापैकी एकाने दुबईतील जेबेल अली येथे गोदामात स्टोअरकीपरची नोकरी धरली. पुढच्या वर्षी दुसरी आली. शारजात एका खोलीचे घर घेतले. दोन बी. एड. शिक्षकांच्या त्या घरात फळा नव्हता की खडू नव्हता.

दुबईत शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांचे प्रकारही अनेक. सीबीएसई चालवणाऱ्या भारतीय शाळा, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या आणि आयबीच्या. 'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर कोणीही लावतो. म्हणून नाव न पाहता अभ्यासक्रम पाहावा. भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, ब्रिटिश शाळांचे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये. ब्रिटिश शाळांची भरती आदल्या नोव्हेंबरपासूनच सुरू होते. मे महिन्यात जागे होऊन अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते.

आमचा पहिला प्रयत्न एका भारतीय शाळेत होता. गणिताचा नमुना पाठ घेतला. प्राचार्यांना तो आवडला. त्यांनी विचारले, "अटेस्टेशन झाले आहे ना?" दुबईत शिक्षकाच्या नियुक्तीला केएचडीए या शिक्षण प्राधिकरणाची मान्यता लागते आणि त्यासाठी प्रमाणपत्रे साक्षांकित असावी लागतात. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. ओमान, बहारीन, सौदी अरेबिया यांनीही तो स्वीकारला आहे. यूएई मात्र आम्ही कागद केले तेव्हा त्या करारात नव्हते. त्यामुळे एका अपोस्टिलने भागत नसे. आधी महाराष्ट्र शासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग भारतातील यूएई वकिलातीचा आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. चारही शिक्के मूळ प्रमाणपत्रावर. झेरॉक्सवर एकही नाही.

पंधरा दिवसांची रजा काढून आम्ही नागपूर गाठले. महाविद्यालयातील लिपिकाने जुनी वही काढून दोघांच्या नावांपुढची थकबाकी दाखवली आणि म्हणाला, "आता दुबईला आहात. भरून टाका अन् घेऊन जा." ती रक्कम आम्ही उसनवारी करून भरू शकलो असतो. रजेचे दिवस संपत होते, शाळा थांबणार नव्हती. त्या रात्री आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, पैसे भरून मोकळे व्हावे. दुसरीचे म्हणणे, जे शुल्क शासनाने भरायचे ते आमच्या नावावर कर्ज म्हणून का लिहिले जावे? आईने दोघांचे ऐकून घेतले आणि विचारले, "पैसा आला नाही, हे तुम्हाला सांगितले कोणी? ज्याने कागद अडवला, त्यानेच ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही समाजकल्याण कार्यालयात गेलो. तीन दिवस खेटे घातले. तिसऱ्या दिवशी एका कर्मचारी ताईंनी जुनी नोंद शोधून काढली. आमच्या वर्षाची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात केव्हाच जमा झाली होती. त्यांनी तसे पत्र दिले. ते पत्र पाहिल्यावर लिपिक काही बोलला नाही. त्याने लोखंडी कपाट उघडले, दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि त्यातून आमची दोन प्रमाणपत्रे शोधू लागला. गठ्ठ्यात पन्नासएक कागद असतील. तो एकेक नाव वाचत होता. बहुतेक आडनावे आमच्याच वस्त्यांतली होती.

आमचे कागद मिळताच आम्ही निघालो. बाकीच्यांची नावे लिहून घेतली नाहीत, त्यांना कळवले नाही, त्या पत्राची प्रत कोणाला दिली नाही. दिल्लीची गाडी पकडायची होती, हे खरे आहे. पण आज दहा वर्षांनीही तो गठ्ठा डोळ्यांपुढून जात नाही.

आणखी दोन अडचणी सांगतो. लग्नाआधीच्या पदवीवर माहेरचे नाव आणि पारपत्रावर सासरचे, असे असेल तर विवाह प्रमाणपत्रही साक्षांकित करून आणावे. दुसरी अडचण अनुभवपत्राची. आमच्या जुन्या शाळेने अनुभवपत्र द्यायला बरीच खळखळ केली, कारण त्यावर वेतन लिहावे लागले असते. आम्ही वेतनाचा उल्लेख नसलेले, केवळ विषय, इयत्ता आणि कालावधी लिहिलेले पत्र मागितले, ते मिळाले. नोकरी सोडतानाच असे पत्र घेऊन ठेवावे. पोलीस खात्याचा चारित्र्य दाखलाही लागतो. मुलांमध्ये काम करणाऱ्या माणसाबद्दल इकडच्या शाळा फार काटेकोर असतात आणि ते योग्यच आहे.

भारतीय शाळेत आम्ही आधी एक आणि दोन वर्षांनी दुसरा, असे रुजू झालो. तेथे मराठी सहकारी भेटले याचा आनंद झाला. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी डबा उघडता उघडता विचारले, "आडनावावरून नीटसे कळले नाही. तुम्ही मूळचे कोण?" आम्ही म्हणालो, "बौद्ध." त्यानंतर त्यांचा डबा हळूहळू पलीकडच्या टेबलावर गेला. १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्याच्या भांड्यावर आक्षेप घेतला होता. शंभर वर्षांनी, समुद्र ओलांडल्यावर, आमच्या वाट्याला त्याची एवढीशी सावली आली. आम्ही आमचा डबा मधल्या टेबलावरच ठेवत राहिलो. कालांतराने केरळच्या, हैदराबादच्या, लाहोरच्या शिक्षिका त्या टेबलाशी येऊन बसू लागल्या.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत जायचे, तर आमचे बी. एड. पुरे पडेना. तेव्हा एका ब्रिटिश विद्यापीठाचा पीजीसीईआय हा दूरस्थ अभ्यासक्रम आम्ही पाळीपाळीने केला. एकाने शिकायचे, दुसऱ्याने घर आणि लेकरू सांभाळायचे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पीजीसीईआय ही शैक्षणिक पात्रता आहे. तिच्यामुळे इंग्लंडमधील अर्हताप्राप्त शिक्षकाचा दर्जा, म्हणजे क्यूटीएस, मिळत नाही. जाहिराती हे बारीक अक्षरांत लिहितात. २०२२ पासून आयक्यूटीएस नावाचा, ब्रिटनबाहेर राहून करता येणारा आणि तो दर्जा मिळवून देणारा मार्ग सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात शिक्षक म्हणून पात्र ठरलेल्यांनाही गणित, विज्ञान किंवा भाषा हे विषय ११ ते १६ वयोगटाला शिकवण्याची पात्रता असल्यास थेट क्यूटीएससाठी अर्ज करण्याची सोय झाली. त्या अर्जाला शुल्क नाही. म्हणजे ज्यांचा विषय आणि वयोगट बसतो, त्यांनी महागड्या अभ्यासक्रमात पैसे घालण्याआधी हा मार्ग तपासावा. आमच्या काळी ही सोय असती, तर आमची दोन वर्षे आणि बरेच दिरहम वाचले असते. दर्जा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे; पण अर्ज बाजूला टाकण्याचे एक कारण कमी होते.

दलालांविषयी एकच सांगू. यूएईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. कामगाराकडून तो घेता येत नाही. भारतातून माणसे पाठवणाऱ्या संस्थेची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते. 'शाळेत जागा पक्की' म्हणून जो आधी लाखभर मागतो, तो आपल्या गावच्या डोनेशनवाल्याचाच भाऊबंद समजावा.

ज्या ब्रिटिश शाळेत आम्ही आज शिकवतो, तेथील मुलाखतीत एक प्रश्न आला होता: वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलासाठी तुम्ही काय करता? पुस्तकी उत्तर पाठ होते. पण त्या क्षणी कामठीच्या शाळेतील शेवटचा बाक आठवला. तेथे उत्तर येत असूनही हात वर जात नसे, कारण गुरुजींची नजर तिथपर्यंत पोहोचतच नसे. आम्ही सांगितले, "आम्ही हात वर करायला लावतच नाही. प्रत्येक मुलाकडे छोटी पाटी असते. प्रश्न विचारला, की सर्वांनी लिहायचे आणि सर्वांनी एकदम दाखवायचे. उत्तर देण्याचा हक्क चार-पाच जणांपुरता राहत नाही आणि कोण कुठे अडले आहे, ते आम्हालाही दिसते." मुलाखत घेणाऱ्या मुख्याध्यापिकेने लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "हे कुठे शिकलात?" आम्ही म्हणालो, "मागच्या बाकावर."

नोकरी त्याच आठवड्यात मिळाली. पुढे शाळेच्या जवळ घर घेतले. आई एकदा येऊन गेली. वर्गाच्या दारात उभी राहून तिने वीस देशांची लेकरे पाट्या उंचावताना पाहिली. तिला इंग्रजी कळत नाही. पण ती बराच वेळ तेथून हलली नाही.

आता भाचीच्या फोनकडे परत येतो. पाऊण तास आम्ही अटेस्टेशन, क्यूटीएस, मुलाखत असे सारे सांगितले. शेवटी सहज विचारले, "मूळ प्रमाणपत्र तुझ्या हातात आहे ना?" पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "कॉलेजमध्ये आहे, मामी. स्कॉलरशिप यायची आहे म्हणतात."

त्या रात्री आम्ही तिला समाजकल्याण कार्यालयासाठी अर्जाचा मसुदा लिहून पाठवला आणि तिच्या वर्गातील आणखी किती जणांचे कागद अडले आहेत, ते विचारायला सांगितले. चार दिवसांत तिने अकरा नावे पाठवली. अकराही जणांनी एकत्र जाऊन अर्ज दिला आहे. उत्तराची वाट आहे. आले नाही, तर माहितीच्या अधिकारात पुढचा अर्ज तयार ठेवला आहे.

आपल्या मंडळातील कुटुंबांना विनंती अशी, की या सुटीत गावी जाल तेव्हा घरातल्या, शेजारच्या प्रत्येक शिकलेल्या मुला-मुलीला एवढे एकच विचारा: मूळ प्रमाणपत्र कोणाकडे आहे? उत्तर 'कॉलेजकडे' असे आले, तर आम्हाला कळवा. अर्जाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. दहा वर्षांपूर्वी तो गठ्ठा आम्ही कपाटात तसाच ठेवून आलो. या वेळी नावे लिहून घेणार आहोत.

नमो बुद्धाय, जयभीम.