जालहळ्ळीची दोन घड्याळे

बंगळूरला जाणारा मराठी माणूस लालबाग पाहतो, म्हैसूरला धावती भेट देतो आणि रेशमी साडी घेऊन परततो. आम्ही तिघे मात्र निघालो जालहळ्ळीला! मेट्रोच्या हिरव्या मार्गावर या नावाचे स्टेशन आहे, पुढे रिक्षा. तिथे झाडांच्या सावलीत हिंदुस्थान मशीन टूल्सचे, म्हणजे तुमच्याआमच्या एच. एम. टी.चे संग्रहालय आहे.

निमित्त कन्येचे. तिची डॉक्टरकीची इंटर्नशिप सुरू व्हायची होती, आणि नाडी मोजायची तर मनगटावर सेकंदकाटा हवा. घड्याळ चावीचेच घ्यायचे, यावर घरात एकमत होते. वाद होता तो 'जनता' की 'पायलट' एवढाच. सौ. जनतेच्या बाजूची. "अहो, लग्नकार्यात ती काळी तबकडी मुलीच्या हातात शोभेल का?" हा तिचा सवाल.

ही कंपनी १९५३ सालची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तिने घड्याळे काढली आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते ती देशापुढे आली. संग्रहालयात घड्याळांच्या रांगा पाहताना प्रत्येक जण आपल्या वडिलांचे किंवा मामांचे घड्याळ शोधत असतो. त्या गर्दीत आमचे दोन्ही उमेदवार सापडले. जनता म्हणजे परीटघडीचा सदरा: पांढरी तबकडी, सडपातळ काटे, बाहीखाली निमूट बसणारे. देवनागरी आकड्यांचीही जनता निघत असे. ती आठवली की मराठीच्या मास्तराचा निःपक्षपातीपणा टिकणे कठीण! पायलटचा थाट निराळा. काळीभोर तबकडी, त्यावर ठळक पांढरे आकडे, आणि अंधारात उजळावेत म्हणून काट्यांत भरलेला रंग.

वैमानिकाचे घड्याळ मुळात असे रांगडे नव्हते. सान्तोस-द्युमाँ नावाच्या ब्राझिली वैमानिकाला उड्डाणात हात गुंतलेले असताना खिशातले घड्याळ काढता येईना, म्हणून कार्तिए या पॅरिसच्या जवाहिऱ्याने १९०४ साली त्याला मनगटी घड्याळ करून दिले. ते इतके नाजूक की आज त्याचे वंशज मेजवानीच्या कोटाखाली मिरवतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र जर्मन वैमानिकांची घड्याळे चांगली ५५ मिलिमीटरची झाली. जाड जाकिटाच्या बाहीवरून ती बांधीत. आपला पायलट त्यामानाने अगदीच बेताचा.

एच. एम. टी.चे घड्याळांचे कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तेव्हा जुना माल पाहावा म्हणून त्याच मेट्रोने चिकपेठेत उतरलो. गल्लीतल्या एका वयस्क घड्याळजीने दोन्ही घड्याळे पुढ्यात ठेवली आणि न विचारताच त्यांच्या पाठी उघडल्या. आत तेच यंत्र! सतरा ज्युवेल, सेकंदाला पाच टिकटिक, चावीची ठेवणही तीच. इतके दिवस आम्ही भांडत होतो ते निव्वळ चेहऱ्यावरून. पण चेहरा क्षुल्लक म्हणून सोडून देता येईना. जनतेची तबकडी समोरच्याने पाहावी अशी केलेली, पायलटची बांधणाऱ्याने वाचावी अशी.

घड्याळजीने आणखी एक गोष्ट शिकवली. बाजारात नवा रंग फासलेल्या तबकड्या पुष्कळ. भिंगाखाली अक्षरे फुगीर, पसरट दिसली की समजावे. जुन्या घड्याळातला चमकता रंगही बहुधा विझलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

"मग पायलटचा उपयोग काय?" सौ.ने लगेच धरले.

कन्येने उत्तर दिले नाही. दुकानातला दिवा तिने मालवायला लावला. दारातून येईल तेवढ्याच उजेडात दोन्ही घड्याळे हातभर अंतरावर धरली, आणि आईचे मनगट हातात घेतले. जनतेवरचा बारीक काटा तिला दोनदा हरवला. पायलटवर तिने अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली. "आई, चौऱ्याऐंशी. भांडल्यामुळे जरा जास्त आहे."

पट्टा तिला सैल होत होता. घड्याळजीने आरीने दोन भोके जास्त पाडून दिली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.