आमचें दहा सेंटांचें तिकीट

मनुष्यास कांहीं तरी छंद असावा, असें सर्व शहाणे लोक सांगतात. तो कोणता असावा हें मात्र कोणी सांगत नाहीं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मामलेदार गुलाब लावतात, एक वकील जुनीं घड्याळें दुरुस्त करतात, आणि आम्ही जन्मभर शाळेंत संस्कृत शिकवून एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन पोस्टाचीं तिकिटें जमवितों. रघुवंशाचा आणि अमेरिकेच्या टपालाचा संबंध काय, असें आम्हांस इतक्यांनीं विचारलें आहे कीं, उत्तर देण्याचें आम्हीं केव्हांच सोडून दिलें. आज मात्र तें थोडेंसें द्यावें, आणि त्याबरोबर आमच्या हातून घडलेली एक गोष्टहि वाचकांपुढें ठेवावी, असें मनांत आलें आहे.

या छंदाचें बीज घरांतच होतें. आमचे पणजोबा अहमदनगरास (ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) अमेरिकन मिशनच्या पाद्र्यांस मराठी शिकवीत. हें मिशन तेथें इ. स. १८३१ पासून होतें. पाद्र्यांस स्वदेशाहून पत्रें येत, आणि पाकिटांवरचीं तिकिटें कापून ते आपल्या पंतोजींस देत. पणजोबांनीं तीं एका जुन्या पंचांगाच्या पानांत ठेवून दिलीं. मुंज झाली त्या वर्षीं तें पंचांग आमच्या हातीं आलें. त्यांत बहुतेक एकच तिकीट पुनःपुन्हां होतें : तपकिरी रंगाचें, पांच सेंटांचें, दाढीवाल्या गृहस्थाचें चित्र असलेलें. हे गृहस्थ म्हणजे अध्यक्ष गारफील्ड. १८८१ सालीं त्यांच्यावर गोळी झाडली गेली, सप्टेंबरांत ते वारले, आणि १० एप्रिल १८८२ रोजीं त्यांच्या स्मरणार्थ हें तिकीट निघालें. परदेशीं जाणाऱ्या साध्या पत्रास त्या वेळीं अमेरिकेंत पांच सेंट पडत. म्हणून पाद्र्यांच्या पाकिटांवर तेंच असे.

पुढें कळूं लागल्यावर एक विचार मनांत आला, तो अजून जात नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस पोंचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. गोपाळराव तर स्वतः टपालखात्यांतले नोकर. त्या माउलीनें फिलाडेल्फियाच्या थंडींत पत्र लिहून मिटल्यावर त्यावर हाच तपकिरी गारफील्ड लाविला असेल, असें आमचें अनुमान आहे. या तिकिटास बाजारांत फारशी किंमत नाहीं. पण आम्हांस तें पाहतांना दर वेळीं हात धुऊन घ्यावेसे वाटतात.

आतां थोडें शास्त्र सांगतों. इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या खटपटीनें १८४० सालीं पहिलें पोस्टाचें तिकीट निघालें. अमेरिकेच्या सरकारास तें करावयास सात वर्षें लागलीं. १ जुलै १८४७ रोजीं दोन तिकिटें निघालीं : पांच सेंटांचें तांबूस तपकिरी, त्यावर बेंजामिन फ्रँक्लिन, आणि दहा सेंटांचें काळें, त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन. अर्ध्या औंसाचें पत्र तीनशें मैलांच्या आंत जावयाचें असेल तर पांच सेंट, त्यापलीकडे दहा. तेव्हां पैसे आधीं भरण्याची सक्ती नव्हती. पत्र घेणाऱ्यानेंच पैसे द्यावे अशी जुनी चाल होती, आणि ती बंद व्हावयास १८५५ साल उजाडलें. साहजिकच पहिलीं तिकिटें थोडीं खपलीं, त्यांतहि दहा सेंटांचीं फारच थोडीं. १ जुलै १८५१ रोजीं दर बदलले व हीं दोन्ही तिकिटें रद्द झालीं. जेमतेम चार वर्षांचें आयुष्य. म्हणूनच त्यांचा एवढा मान.

पण तिकीट दुर्मिळ असणें वेगळें आणि उत्तम असणें वेगळें. पहिल्या दहा वर्षांतील अमेरिकन तिकिटांस कडेचीं छिद्रें नसत. तीं १८५७ सालीं आलीं. तोंवर पोस्टांतील कारकून कात्रीनें तिकिटें कापीत, आणि घाईंत कात्री चित्रांतूनहि जाई. चारी बाजूंस मोकळा समास राहिलेलें तिकीट म्हणून मोलाचें. (हा समास ग्रंथाच्या पानाचा, व्याकरणांतला नव्हे, आमचे विद्यार्थी या ठिकाणीं नेहमीं हसत.) त्यानंतर रंग पाहावयाचा, कारण उन्हानें तो उडतो. शिक्का चेहऱ्यावर बसला आहे कीं कोपऱ्यांत, हें पाहावयाचें. मग तिकीट चिमट्यानें उलटें धरून उजेडापुढें न्यावयाचें, म्हणजे कोठें कागद पातळ झाला आहे, कोठें फाटून सांधला आहे, तें दिसतें. न वापरलेल्या तिकिटाचा मूळचा गोंद शाबूत असेल तर किंमत कित्येक पटींनीं वाढते, आणि म्हणूनच मागाहून गोंद फांसणारे कारागीरहि जगांत निर्माण झाले आहेत.

लबाडीची भीति खुद्द सरकारलाहि होती. शाई धुऊन तेंच तिकीट लोक पुन्हां वापरतील, म्हणून १८६७ सालापासून कांहीं वर्षें तिकिटांच्या कागदांत बारीक टोकांची चौकट दाबून उठवीत. त्यामुळें कागदाचे तंतू तुटत, शाई आंत मुरे, आणि धुऊन जात नसे. या दाबलेल्या चौकटींचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील ‘झेड’ नांवाच्या प्रकारांतलें एक सेंटाचें, फ्रँक्लिनच्या चित्राचें तिकीट जगांत दोनच ठाऊक आहेत. एक न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचें आहे. दुसरें २००५ सालीं एका संग्राहकानें तीस लाख डॉलरांच्या घरांतील चार उलट्या विमानांच्या तिकिटांचा गठ्ठा देऊन बदल्यांत घेतलें. तें २०२४ सालीं लिलावांत सुमारें चव्वेचाळीस लाख डॉलरांस गेलें. मूळ किंमत एक सेंट!

विनोदहि या शास्त्रांत पुष्कळ आहे. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनासाठीं कोलंबसाच्या चरित्राचीं सोळा तिकिटें निघालीं. एक सेंटाच्या तिकिटावर त्यास जमीन दिसते तेव्हां त्याची दाढी गुळगुळीत आहे. दोन सेंटांच्या तिकिटावर तो किनाऱ्यास उतरतो तों भरघोस दाढी! मध्यें एका दिवसाचेंहि अंतर नाहीं. १८९८ च्या ओमाहाच्या प्रदर्शनाच्या मालिकेंत एक डॉलरचें काळें तिकीट आहे. बर्फाच्या वादळांत सांपडलेलीं पश्चिम अमेरिकेचीं गुरें, असें त्यावर लिहिलें आहे. अमेरिकेच्या सर्वांत सुंदर तिकिटांत त्याची गणना होते. मात्र तें ज्या चित्रावरून घेतलें तें मॅकव्हर्टर नांवाच्या चित्रकाराचें, आणि त्यांतलीं गुरें स्कॉटलंडचीं आहेत.

असो. आतां आमची गोष्ट.

वयाच्या चाळिशींत आम्ही कांहीं कामासाठीं मुंबईस गेलों होतों. तेथें जुन्या नाणीं-तिकिटांच्या एका व्यापाऱ्याकडे काळा वॉशिंग्टन दिसला. न वापरलेला, मागें गोंद, चारी बाजूंस सुरेख समास. व्यापाऱ्यानें सांगितलेली किंमत आमच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. रक्कम आम्हांस मोठी. पण त्या तिकिटाच्या मानानें ती कांहींच नव्हती. एवढ्या स्वस्तांत हें कसें मिळतें, हा प्रश्न आम्हांस पडला. आम्हीं तो दाबला. ‘याला आपल्याजवळ काय आहे तें ठाऊक नाहीं’, असें मनाशीं म्हणालों, आणि तोंडावर कांहीं न दाखवितां पैसे मोजले. ते पैसे कुटुंबाच्या काशीयात्रेसाठीं सांठविलेले होते. घरीं आल्यावर आम्हीं तिला तिकीट दाखविलें. तिनें तें पाहिलें, आणि “काळजीपूर्वक ठेवा हो,” एवढेंच म्हणाली. काशी पुढें ढकलली गेली, ती ढकललीच गेली.

पंचवीस वर्षें तें तिकीट आमच्या संग्रहाचा मुकुटमणि होतें. १८७५ सालीं सरकारनें याच दोन तिकिटांच्या प्रतिकृति काढल्या होत्या, हें आम्हीं मध्यंतरीं ऐकिलें होतें. पुढल्या वर्षीं फिलाडेल्फियास स्वातंत्र्याच्या शताब्दीचें प्रदर्शन होतें. जुन्या तिकिटांचे छापण्याचे ठसे सरकारच्या हातीं नव्हते, म्हणून नवे कोरविले. हें ऐकूनहि आपल्या तिकिटास भिंग लावून पाहावें, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. वाटलें नाहीं म्हणण्यापेक्षां धैर्य झालें नाहीं, हें अधिक खरें.

गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां न्यू जर्सींत असतो, त्यानें तिकिटांच्या किंमतींचें मोठें अमेरिकन पुस्तक आम्हांस भेट पाठविलें. बरोबर पत्र होतें. “गुरुजी, मलाहि आपला छंद लागला. लहानपणीं आपण वर्गांत दाखविलेला काळा वॉशिंग्टन मला द्याल का? पुस्तकांतल्या किंमतीच्या निम्मी रक्कम मी आनंदानें देईन. आपल्याकडचें तिकीट म्हणजे तपासण्याचें कारणच नाहीं.” देणें होतें गुरुदक्षिणेचें, त्यास व्यवहाराचें रूप दिलें होतें, म्हणजे आम्हांस संकोच वाटूं नये. ती रक्कम आमच्या दोन-तीन वर्षांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती.

आम्हीं अधीरपणें पुस्तक उघडलें. किंमत पाहिली. आणि किंमतीखालीं बारीक अक्षरांत टीप होती. टीप वाचल्यावांचून मूळ वाचूं नये, असें आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस बजावलें. तेव्हां ती वाचणें भाग पडलें. मूळ तिकिटांत अंगरख्याची डावीकडील रेघ ‘टेन’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराकडे रोखलेली असते. प्रतिकृतींत ती दहाच्या रोमन आंकड्याच्या उजव्या टोकाकडे जाते. प्रतिकृतींतले डोळे झोपाळू दिसतात. डाव्या गालाजवळच्या केसांच्या बटेंत मूळांत पुसट ठिपका, प्रतिकृतींत ठळक. आणि प्रतिकृतींस गोंद लाविलेलाच नव्हता.

भिंग घेतलें. रेघ आंकड्याकडे गेली होती. ठिपका ठळक होता. आणि वॉशिंग्टन साहेब पंचवीस वर्षें आमच्याकडे झोपाळू डोळ्यांनीं पाहत होते, तें आम्हांस त्या रात्रीं प्रथम दिसलें.

संस्कृताच्या माणसास हें दुःख नवें नाहीं. पोथीची नक्कल करणें हा अपराध नव्हे. नकला झाल्या म्हणून तर ग्रंथ वांचले. १८७५ ची प्रतिकृतीहि सरकारनें उघडपणें काढलेली आहे, आणि तिला तिची स्वतःची, मूळाहून पुष्कळ कमी, पण खरी किंमत आहे. असत्य त्या कागदांत नव्हतें. तें मागाहून फांसलेल्या गोंदांत होतें. आणि ज्या दिवशीं दुसऱ्याच्या अज्ञानावर नफा मिळविण्यास आम्ही उत्सुक झालों, त्या दिवशीं आमच्या मनांतहि होतें. व्यापाऱ्यानें आम्हांस फसविलें खरें. पण आम्हीहि त्यास फसविण्याच्याच बेतांत होतों. तो आमच्याहून हुषार निघाला, इतकेंच. आतां विद्यार्थी आमच्या जागीं होता आणि आम्ही व्यापाऱ्याच्या.

आठ दिवस उत्तर लिहिलें नाहीं. त्या आठ दिवसांत आमच्या मनानें जे युक्तिवाद रचले, ते एखाद्या नैयायिकास शोभले असते. त्यानें तपासूं नये असें तोच म्हणतो. त्यास पैशांची ददात नाहीं. तिकीट सरकारीच आहे. शिवाय काशी राहिली आहे. नवव्या दिवशीं कुटुंबानेंच विचारलें, “अहो, जेवणावरचें लक्ष गेलें आहे तुमचें. त्या काळ्या तिकिटांत एवढें काय निघालें?”

आम्हीं सर्व सांगितलें, विद्यार्थ्याच्या पत्रासुद्धां. पंचवीस वर्षांपूर्वीं आपण कोणत्या बुद्धीनें पैसे मोजले, तेंहि सांगितलें. शेवटीं म्हणालों, “तुझी काशी मात्र या पैशांत होईल.”

ती तांदूळ निवडीत होती. हात न थांबवितां म्हणाली, “त्या पैशांनीं काशी करायची, मग गंगेंत धुवायचें काय काय?” आणि थोड्या वेळानें, “पोरगा तुम्हांला गुरुजी म्हणतो ना अजून?”

त्याच संध्याकाळीं आम्हीं पत्र लिहिलें. रेघ, डोळे, ठिपका, गोंद, सर्व खुणा क्रमवार दिल्या, आणि पुढें कोणाकडूनहि, आमच्याकडूनसुद्धां, तिकीट तपासल्यावांचून घेऊं नये, असें बजावलें. पत्रासोबत पणजोबांच्या पंचांगांतला एक तपकिरी गारफील्ड भेट पाठविला. त्याची किंमत थोडी आहे. पण तो कोणत्या हातांतून कोणत्या हातांत आला, हें आम्ही शपथेवर सांगूं शकतों. विद्यार्थ्याचें उत्तर आलें. त्यांत गारफील्ड चौकटींत घालून टेबलावर ठेविल्याचें लिहिलें होतें, वॉशिंग्टनविषयीं एकच वाक्य होतें कीं, “टीप मी वाचलीच नव्हती, गुरुजी.”

काळें तिकीट अजून संग्रहांत पूर्वींच्याच पानावर आहे. त्याखालीं आम्हीं स्वहस्तानें लिहिलें आहे : ‘१८७५ ची प्रतिकृति. गोंद मागाहून लाविलेला.’ पाहुण्यांस संग्रह दाखवितांना तें पान आम्ही उलटून पुढें जात नाहीं. तेथें थांबतों, आणि भिंग त्यांच्या हातांत देतों.

काशीस येत्या कार्तिकांत जाण्याचा बेत आहे, निवृत्तिवेतनांतून. तिकिटें काढून झालीं आहेत. हीं मात्र रेल्वेचीं.